सहा मोठे ग्लास आणि नव्वद मिलिलिटर

गेल्या पावसाळ्यात थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या घरी मुक्कामाला आले होते. त्यांच्यासाठी मी मोठ्या हौसेने मार्टिनी हे जिनचे कॉकटेल केले आणि तो पहिलाच ग्लास संपता संपता दाजी जेवणाच्या ताटावर पेंगू लागले. दाजी या बाबतीत नवशिके नाहीत; दोन पेग घेऊन निगुतीने जेवणारा आणि वर शतपावली करणारा तो माणूस आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाण्याचा तांब्या आणि तीस मिलिलिटरचे पेगमाप घेऊन स्वयंपाकघरात बसलो, तेव्हा कुठे उलगडा झाला.

शंकूच्या आकाराचे, उंच दांडीचे ते सहा ग्लास मी सणाच्या सवलतीत घरपोच मागवले होते. चित्रात ते नाजूक दिसत होते. प्रत्यक्षात एकेका ग्लासात काठापर्यंत ३०० मिलिलिटर पाणी मावले. आता मार्टिनीचा हिशेब पाहा: ६० मिलिलिटर जिन, १० मिलिलिटर ड्राय व्हर्मूथ (वनस्पतींचा स्वाद दिलेली, गोड नसलेली वाइन), आणि बर्फावर ढवळताना त्यात उतरणारे सुमारे २० मिलिलिटर पाणी, म्हणजे सगळे मिळून ९० मिलिलिटर. आपल्याकडे दुकानात ज्याला नुसते 'नाइंटी' म्हणतात, तेवढाच हा ऐवज. शंकूची गंमत अशी, की हे ९० मिलिलिटर त्या ग्लासात दोन तृतीयांश उंचीपर्यंत पोहोचते. बघणाऱ्याला वाटते, थोडाच रिकामा आहे, एक घोटभर घातले की भरेल. परंतु शंकूचे जवळजवळ सगळे पोट वरच्या भागात असते. उरलेली एक तृतीयांश उंची भरायला आणखी २१० मिलिलिटर लागतात. म्हणजे 'थोडेसे' वर घातले, की पेय तिपटीहून अधिक होते. मी दाजींना एका ग्लासात क्वार्टरहून, म्हणजे १८० मिलिलिटरहून, जास्त जिन पाजली होती आणि ती किती झाली हे त्यांना कळले नाही, मलाही नाही.

वर घालायला मला भाग पाडले ते आईने. ती पाणी घेऊन बाहेर आली, दाजींच्या हातातला ग्लास तिने पाहिला, आणि स्वयंपाकघरात परत येऊन मला हळूच म्हणाली, "एवढ्या मोठ्या भांड्यात एवढंसंच काय ओतुलास? जावई आहे तो. हात आखडला म्हणतील." त्या ग्लासात काय आहे हे तिला ठाऊक नव्हते, पण आमच्या घरात पाहुण्याला अपुरे भरलेले भांडे देत नाहीत हे तिला पक्के ठाऊक होते. पाणी असो, ताक असो, सोलकढी असो, काठाच्या खाली बोटभरापेक्षा जास्त जागा राहिली की देणाऱ्याच्या मनाविषयी शंका येते. पाश्चात्य पद्धतीत वाइनचा ग्लास मुद्दाम एक तृतीयांशच भरतात आणि त्यात कोणाचा अपमान होत नाही. आमच्याकडे तो होतो. ही सवय बदलावी असे मला वाटत नाही, किंबहुना ती मला आवडते. फक्त तिला शोभेल असा ग्लास हवा. भरून दिला तरी ९० मिलिलिटर पेयालाच पुरेल, असा ग्लास मी त्या दिवसापासून शोधू लागलो.

शोधताना लक्षात आले, की जुने लोक या बाबतीत शहाणे होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील कॉकटेलचे ग्लास लहानच असत. शंभर-सव्वाशे मिलिलिटरच्या आसपास. पेय गार आहे तोवर तीन-चार घोटांत संपावे, असा त्यांचा बेत होता. पुढे बारवाल्यांनी ग्लास मोठे केले आणि त्यात ओतायचे पेयही वाढवले, आणि १९९० च्या दशकापर्यंत मार्टिनीचा ग्लास हे एक भले मोठे नरसाळे झाले. त्यावर उतारा म्हणून न्यूयॉर्कच्या रेनबो रूम या ठिकाणी डेल डिग्रॉफ या बारवाल्यांनी एक जुन्या घाटाचा लहान ग्लास पुन्हा वापरात आणला. १९३४ सालच्या एका हॉलिवूड चित्रपटातील सतत पिणाऱ्या दांपत्याच्या नावावरून त्याला 'निक अँड नोरा' असे नाव पडले. तो घंटेसारखा, किंचित खोल, दांडीवर उभा असतो आणि त्यात दीडशे मिलिलिटरच्या आत-बाहेर मावते. काठ आत वळलेला असल्याने तो हातात घेऊन खुर्चीतून उठले तरी सांडत नाही. शंकूच्या ग्लासाबाबत मी याची खात्री देऊ शकत नाही. आमच्या दिवाणखान्यातल्या सतरंजीवर त्याची साक्ष आहे.

दुसरा लहान ग्लास म्हणजे कूप, उथळ पसरट वाटीला दांडी लावल्यासारखा. तो मूळचा शॅम्पेनचा. पण पसरट तोंडातून बुडबुडे लवकर निसटतात, म्हणून शॅम्पेन उंच निमुळत्या ग्लासात गेली आणि रिकामा झालेला कूप कॉकटेलवाल्यांनी उचलला. हलवून केलेल्या पेयांना तो फार शोभतो. गिम्लेट घ्या. जिन आणि लिंबाचे गोड कॉर्डियल, म्हणजे दाट सरबत, एवढेच त्यात असते. मी कॉर्डियलऐवजी इंडीच्या कागदी लिंबाचा रस आणि साखरेचा पाक वापरतो. ते लिंबू आमच्या बाजारात विजापूरकडून येते आणि त्याच्या सालीचा वास तोडीस तोड जिनच्या जुनिपरला, म्हणजे जिनला तिचा खास वास देणाऱ्या फळाला, भिडतो. कूपच्या रुंद तोंडामुळे तो वास घोट घेण्याआधीच नाकाशी येतो. अमृत कोकम, जिन, लिंबू आणि अंड्याचा पांढरा बलक जोरात हलवून केलेले पेयही मी कूपमध्येच देतो, कारण त्यावरचा गुलाबी फेस दिसायला जागा हवी. दाजींनी त्याला 'दारूची सोलकढी' असे नाव ठेवले आहे. सोलकढीत साखर नसते हे त्यांना कोकणातल्या माणसाने सांगायला हवे असे नाही, पण ते ऐकत नाहीत.

बर्फाविना दिल्या जाणाऱ्या या पेयांना दांडी का लागते, हे सांगायला नको. हाताची ऊब पेयापर्यंत पोहोचू नये म्हणून. परंतु हातापेक्षा मोठा शत्रू खुद्द ग्लासच असतो, हे मला उशिरा कळले. एप्रिल महिन्यात आमच्या कपाटातला ग्लास सहज तीस अंश सेल्सिअसला असतो. नीट ढवळलेली मार्टिनी शून्याच्या दोनेक अंश खाली असते. पेयाला टेकणारी काच ऐंशी ग्रॅम धरली, तर ती थंड करण्यातच पेयाचे तापमान जवळपास पाच अंशांनी वाढते, आणि हे पहिला घोट घेण्याच्या आत. म्हणून ग्लास आधी गार करणे ही चैन नव्हे, कृतीचाच भाग आहे. फ्रीजरमध्ये पंधरा-वीस मिनिटे पुरतात. मात्र आपल्या घरच्या फ्रीजरमध्ये खोवलेले नारळ, मटार आणि कधीमधी सुकी मासळी एकत्र नांदत असते, आणि ग्लासावर धरलेल्या हिमाच्या पातळ थरात तो सगळा संसार उतरतो. मी ग्लास पिशवीत बांधून ठेवतो. ते जमले नाही, तर बर्फाचे चार तुकडे आणि पाणी घालून ग्लास पाच मिनिटे तसाच ठेवावा आणि पेय तयार झाल्यावर आतले बर्फपाणी ओतून टाकावे. काम तेवढेच चांगले होते.

जिन आणि टॉनिकचे गणित निराळे आहे, आणि बेळगावात त्याला थोडा इतिहासही आहे. १८१८ साली इथला किल्ला इंग्रजांकडे गेला आणि पुढे शेजारी कॅम्प, म्हणजे लष्करी छावणी, उभा राहिला. हिवतापावरचे क्विनाइन त्या काळच्या गोऱ्या फौजेच्या नित्याच्या औषधांतले होते, आणि ते अतिशय कडू. इरॅस्मस बॉण्ड याने १८५८ साली लंडनमध्ये टॉनिक पाण्याचे पेटंट घेतले आणि १८७० च्या दशकात श्वेप्सचे 'इंडियन क्विनाइन टॉनिक' बाजारात आले. आजच्या टॉनिकमध्ये क्विनाइन चवीपुरते असते, त्याने हिवताप जात नाही. कडूपणा आणि बुडबुडे एवढाच वारसा उरला आहे, आणि त्यातले बुडबुडे टिकवणे हे ग्लासाचे काम.

बुडबुडे टिकतात ते अरुंद आणि उंच ग्लासात, कारण हवेला भिडणारा पृष्ठभाग लहान राहतो. लहानपणी कपिलेश्वराच्या जत्रेत प्यायलेला गोळी सोडा आठवा. हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ साली पेटंट घेतलेली ती बाटली. आतल्या वायूच्याच दाबाने काचेची गोळी तोंडाशी घट्ट बसलेली असते आणि अंगठ्याने दाबली की फुस्स होते. तो सोडा बाटलीतूनच पिण्यात जी झणझणीत मजा होती, ती पसरट भांड्यात ओतल्यावर राहत नसे. टॉनिकचेही तसेच. माझा ग्लास ३०० ते ३५० मिलिलिटरचा, सरळ भिंतींचा आहे. आपल्याकडे ज्याला सरबताचा ग्लास म्हणतात तोच. आधी तो काठोकाठ बर्फाने भरायचा, मग ६० मिलिलिटर जिन, मग १२० ते १५० मिलिलिटर गार टॉनिक, ग्लास कलता धरून कडेने सोडलेले. बर्फ कमी घातला तर पेय कमी पातळ होईल असा आपला एक लाडका समज आहे, आणि तो चूक आहे: थोडा बर्फ लवकर वितळतो, भरपूर बर्फ एकमेकाला गार राखतो. टॉम कॉलिन्स, जिन फिझ वगैरे सोड्याची पेयेही याच ग्लासात भागतात; फिझला थोडा लहान आणि बिनबर्फाचा ग्लास देण्याची रीत आहे, पण त्यासाठी मी वेगळा संच घेतलेला नाही आणि घेणारही नाही.

मग तो स्पेनचा फुग्यासारखा ग्लास, कोपा दे बालोन? उत्तर स्पेनच्या बास्क भागातले आचारी रात्री काम आटोपल्यावर वाइनच्या मोठ्या ग्लासात भरपूर बर्फ घालून जिन-टॉनिक पीत, त्यातून तो रूढ झाला असे सांगतात. आता गोव्यातल्या बारमध्ये तो सर्रास दिसतो, आणि २०१७ नंतर गोव्यात गाळल्या जाऊ लागलेल्या नव्या भारतीय जिन त्यातच वाढल्या जातात. ग्रेटर दॅन ही त्यातली आधीची. त्याच कंपनीच्या दुसऱ्या जिनचे नाव हपुसा आहे. हपुषा हे हिमालयात उगवणाऱ्या जुनिपरचे आयुर्वेदातले नाव. या जिनमधल्या मसाल्यांचा वास फुगीर ग्लासात साठून राहतो आणि तो खरोखर छान येतो, हे मी मान्य करतो. पण ६०० मिलिलिटरच्या त्या ग्लासाला पाव किलोहून जास्त बर्फ लागतो. आमच्या फ्रीजच्या एका ट्रेमध्ये चौदा खडे पडतात. एक ग्लास एक ट्रे गिळतो. चार पाहुणे आले की दुसऱ्या फेरीला बर्फ नाही, आणि जुलैत वीज गेलेली असली तर पहिल्या फेरीलाही नाही. बर्फ विकत आणणाऱ्यांनी तो ग्लास जरूर घ्यावा.

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो, चोर्ला घाटाच्या बाजूचे ढग बेळगावावर येऊन बसले की गार ग्लासाला दोन मिनिटांत घाम फुटतो आणि सरळ ग्लास हातातून निसटू लागतो. आई त्याखाली क्रोशाचे रुमाल ठेवते. मी काही बोलत नाही.

नेग्रोनीसाठी काहीच विकत घ्यावे लागत नाही. जिन, कांपारी (कडवट लाल इटालियन मद्य) आणि गोड व्हर्मूथ तिन्ही तीस-तीस मिलिलिटर. हे पेय बुटक्या, जाड बुडाच्या व्हिस्कीच्या ग्लासात देतात आणि तो आपल्या घरोघरी असतोच. त्यात एकच मोठा बर्फ हवा, कारण मोठा खडा सावकाश विरघळतो. त्याचे साचे मिळतात म्हणे. मी स्टीलच्या वाटीत पाणी गोठवतो, वाटी क्षणभर नळाखाली धरली की गोल तुकडा सुटून हातात येतो.

धातूच्या भांड्यांविषयी मला दोनतीनदा विचारणा झाली, म्हणून तेही लिहितो. आले, लिंबू आणि जिन यांचे पेय तांब्याच्या मगात देण्याची पद्धत आहे आणि तो मग दिसतोही देखणा. पण तांब्यापितळेच्या भांड्यात आंबट ठेवले तर कळकते, हे आपल्या आज्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. म्हणून तर वर्षातून एकदा कल्हईवाला येत असे. लिंबाच्या रसाला तेच लागू आहे. आतून स्टीलचे अस्तर असलेला मग असेल तर खुशाल वापरावा, नुसता तांब्याचा शोकेसमध्ये ठेवावा. स्टीलचा साधा ग्लास मात्र मला वाटला होता तेवढा वाईट निघाला नाही. त्याचा पत्रा पातळ असल्याने तो बर्फाला फारसा खात नाही आणि टॉम कॉलिन्स त्यात छान लागते. फक्त हात गारठतो आणि पेयाचा रंग दिसत नाही. खानापूरच्या मातीच्या भांड्यांवर माझे प्रेम आहे, पण न झिलईलेली माती पेय शोषते आणि आपला वास देते. पाण्यात तो वास हवाच असतो, जिनमध्ये तो जुनिपरशी भांडतो.

लहान ग्लास शेवटी मला खडेबाजारात मिळाले. पाण्याची बाटली आणि पेगमाप घेऊन मी दुकानात गेलो आणि प्रत्येक नमुन्यात किती मावते ते मोजू लागलो. दुकानाचे वयस्क मालक घरी कन्नड बोलणारे, गिऱ्हाइकाशी मराठी, बराच वेळ पाहून ते म्हणाले, "सर, गाजिन लोटा मापून कोण घेतंय हो? दिसायला चांगलं असलं म्हणजे झालं की." कन्नडमध्ये गाजु म्हणजे काच आणि लोटा म्हणजे पेला. आपल्याकडे लोटा म्हटले की डोळ्यांसमोर वेगळेच भांडे येते, त्यामुळे मला हसू आले, आणि मी का हसतो आहे ते कळल्यावर त्यांनाही. मग त्यांनी माळ्यावरून एक खोके काढले. त्यात शेरीचे म्हणून आलेले सहा दांडीचे ग्लास होते, गेली कित्येक वर्षे कोणी न विचारलेले. माप केले: काठापर्यंत १२० मिलिलिटर. नव्वद ओतले की बोटभर जागा उरते. आईच्या नजरेला तो ग्लास भरलेला दिसेल, याची मी तिथेच खात्री करून घेतली.

ग्लास बांधता बांधता मालकांनी त्यांच्या वडिलांच्या काळी ओगलेवाडीची काच दुकानात असे, हे सांगितले. कऱ्हाडजवळचा तो ओगल्यांचा कारखाना १९१६ सालचा, आणि त्यांचा प्रभाकर कंदील आमच्याही माजघरात होता. रेल्वेने मिरजेहून कऱ्हाडला जाताना उतरण्याचे स्टेशन ओगलेवाडीलाच आहे. तिथे कधी मार्टिनीचे ग्लास झाले असतील असे मला वाटत नाही, पण कंदिलाच्या काचेची ती पातळ, एकसारखी भिंत आठवली की आजच्या जाड काठाच्या ग्लासांचा राग येतो. ओठाला लागणारा काठ जितका पातळ, तितके पेय स्वच्छ लागते. विकत घेताना काठावरून बोट फिरवून पाहावे. गोळा झालेली जाड कड बोटाला लगेच कळते.

आता धुण्याविषयी, कारण माझे दोन ग्लास तिथेच गेले. पहिला मी फ्रीजरमधून काढलेला रिकामा ग्लास गरम पाण्याखाली धरून तडकवला. साधी काच असा अचानक फरक सोसत नाही; बोरोसिलिकेट बरीच सोसते, पण दांडीचे ग्लास सहसा साध्या काचेचेच असतात. दुसरा भांडी घासणाऱ्या मावशींच्या हातून गेला. त्यांचा दोष नाही, त्यांना कोणी सांगितले नव्हते की याला काथ्या आणि रांगोळी चालत नाही. फुटला नाही तरी घासल्याने काचेवर बारीक चरे पडतात आणि टॉनिकचे बुडबुडे नेमके त्या चऱ्यांवर धरून भराभर सुटतात. पेय लवकर बसते. कापडाचे तंतू राहिले तरी तेच होते. म्हणून हे ग्लास मी स्वतः धुतो, कोमट पाणी आणि साबणाचा थेंब वापरून, आणि धुतल्यावर जुन्या धोतराच्या मऊ तुकड्याने पुसतो. आमच्या बोअरचे पाणी जड असल्याने आपोआप वाळू दिले तर पांढरे डाग पडतात. ते व्हिनेगरच्या पाण्याने निघतात. पुसताना एका हाताने तळ आणि दुसऱ्याने वाटी धरून पिळले, की दांडी मोडते. वाटी पुसताना वाटीच धरावी. कपाटात ग्लास तोंड वर करून ठेवावेत, कारण उपडे ठेवले तर आत कपाटाचा वास कोंडतो आणि सगळा भार सर्वांत नाजूक काठावर येतो.

त्या सहा मोठ्या ग्लासांत सध्या आई फ्रूट सॅलड देते आणि त्यासाठी ते अगदी योग्य मापाचे आहेत. लहान ग्लास चार उरले आहेत. खडेबाजारात पुन्हा विचारून आलो, पण तसले खोके आता नाही. "दिवाळीनंतर या सर, बघूया," असे उत्तर मिळाले. दाजी गणपतीला येणार आहेत आणि त्यांच्याबरोबर त्यांचे दोन भाऊ, म्हणजे घरचे धरून आम्ही पिणारे पाच होतो. पाचव्याला कूप द्यावा लागेल, आणि तो दीडशेचा असल्याने त्यात नव्वद ओतले तर अपुरे दिसणार. तो मी स्वतःसाठी ठेवतो.